लवण धू गो आधी

शिरोड्याच्या वेळागरावरून समुद्रात डुंबून आलं की आम्हा पोरांना पुढच्या दारानं घरात घेत नसत. मागच्या दारी विहिरीजवळ दगडी दोण होती, तिथं रांगेनं उभं राहायचं. आजी तांब्यानं पाणी घालायची. एक तांब्या डोक्यावर, एकेक खांद्यांवर, आणि मग दंडाला धरून आम्हाला पाठमोरं करायची. "लवण धू गो आधी. मगे जा खंय जातलंस थंय." असं म्हणत गुडघ्यांच्या मागं पाण्याची धार सोडायची आणि तिथल्या घडीत अडकलेली रेती अंगठ्यानं काढायची. तिचा अंगठा खरखरीत होता. तिथली कातडी नाजूक, त्यामुळे गुदगुल्याही व्हायच्या आणि चुरचुरायचंही. एखाद्या दिवशी तिची नजर चुकवून तसंच घरात पळालं, तर रात्री पाय मुडपताना त्या घडीत चरचर व्हायची आणि सकाळी तिथं लाल रेघ उठलेली असायची.

पुढं आठवीत संस्कृत आलं आणि 'लवणम्' म्हणजे मीठ हे कळलं. मला आजीचा फार अभिमान वाटला. शाळेचं तोंड न पाहिलेली माझी आजी मिठाला लवण म्हणते! मग ती दोणीपाशी म्हणायची त्याचा अर्थ अगदी सरळ लागला: अंगावरचं मीठ धू आधी. शंका यायचं काही कारणच नव्हतं. शिरोडा म्हणजे मिठागरांचं गाव. १९३० च्या मे महिन्यात तिथं मिठाचा सत्याग्रह झाला होता आणि घरातली मोठी माणसं त्याच्या गोष्टी सांगत. अशा गावच्या म्हातारीच्या तोंडी मिठासाठी एखादा भारदस्त शब्द असणारच, असं मी धरून चालले. ही समजूत मी पस्तीस वर्षं बाळगली. आजी गेली तरी ती तशीच राहिली.

ती मोडली आईच्या एका फोननं.

फाल्गुनातली संध्याकाळ होती. मी डोंबिवलीत, आई गावाला. वय एकाहत्तर. दिवाळीपासून तिचा डावा गुडघा दुखत होता आणि रोजच्या फोनवर तेच बोलणं व्हायचं. तेल लाव, शेक घे, पट्टा घातलास का, गोळी घेतलीस का. त्या दिवशी मी पुन्हा पट्ट्याचं विचारलं तेव्हा ती जरा वैतागूनच म्हणाली, "बाय, ढोपरात नाय गो. लवणीत. लवणीत कायतरी येवन बसलासा वाटता."

मी म्हटलं, "लवणीत म्हणजे?"

"अगो, लवण. आजी तुमची धुवायची ती. ढोपर मुडपता थंय मागसून."

फोन कानाला धरून मी तशीच उभी राहिले आणि मोकळा हात आपोआप माझ्याच गुडघ्यामागं गेला. दोण आठवली, अंगठा आठवला, पाठमोरं करणं आठवलं. आजी मीठ धू म्हणत नव्हती. ती एका जागेचं नाव घेत होती, आणि ते नाव माझ्या अंगावर बोट ठेवून मला शिकवत होती. तो अवयव माझ्याजवळ होता, शब्द कानावर पडलेला होता. दोघांची गाठ तेवढी पडली नव्हती.

ही गोष्ट मला इतकी लागली त्याला आणखी एक कारण आहे. आरोग्याची माहितीपत्रकं, शस्त्रक्रियेआधी सह्या घ्यायचे संमतीपत्राचे कागद, औषधांच्या पुड्यांतल्या घड्या घातलेल्या सूचना यांचं इंग्रजीतून मराठी करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. 'पॉपलिटियल' हा शब्द त्या कागदांत अनेकदा येतो. गुडघ्यामागची रक्तवाहिनी, गुडघ्यामागची शीर, गुडघ्यामागचा खळगा. कधी मी 'जानुपृष्ठीय' लिहायचे. ते वाचून कुणाला काही कळणार नाही असं वाटलं की 'गुडघ्याच्या मागील बाजूस असलेला खोलगट भाग' असं लांबलचक लिहायचे. सोपं मराठी लिहिलं म्हणून समाधानही वाटायचं. ज्या जागेसाठी मी सहा शब्द खर्च करत होते, तिच्यासाठी आईकडे एक होता. तीन अक्षरी, जोडाक्षर नसलेला.

आता दिवाळीपासूनचे ते महिने मला नीट दिसू लागले. आई आधी तालुक्याला एका डॉक्टरांकडे गेली होती. ते घाटावरचे, नुकतेच आलेले, वागायला चांगले. आईनं सांगितलं, ढोपराच्या मागं दुखतंय. त्यांनी तिचा हात उचलला आणि कोपर दाबून पाहिलं. त्यांच्याकडे ढोपर म्हणजे कोपर. आमच्याकडे ढोपर म्हणजे गुडघा. मराठीत या एका शब्दानं किती जणांना चकवलं असेल! माझ्या वर्गात सांगलीकडची एक मैत्रीण होती, तिचं आणि माझं यावरून कडाक्याचं भांडण झालं होतं. आई भांडणाऱ्यांतली नव्हे. तिनं समजून घेतलं की इथं आपले शब्द चालायचे नाहीत, आणि मग शहरातला शब्द काढला: गुडघा. गुडघा म्हटल्यावर डॉक्टरांनी पुढची वाटी दाबली, समोरून आणि बाजूनं एक्स-रे काढला, हाडांमधली जागा कमी झालीय म्हणाले. ते खरंही होतं. गोळ्या दिल्या, पट्टा दिला, वयानं होतं असं म्हणाले. मागच्या बाजूला कुणाचा हात गेला नाही.

डॉक्टरांना समजावं म्हणून आईनं आपलं दुखणं त्यांच्या बोलीत नेलं, आणि नेताना दुखण्याची जागाच मागं सुटली. मी घरी बसून रोज हेच काम करते. म्हणून मला ते इतकं खोल जाऊन बोचलं.

फोननंतर चौथ्या दिवशी आई काजूच्या बिया वेचायला मागच्या परड्यात गेली. उकिडवी बसून वेचत होती. उठताना गुडघ्यामागं काहीतरी फुटल्यासारखं झालं आणि पोटरीतून गरम पाणी ओतल्यासारखं खाली उतरत गेलं, असं तिनं नंतर सांगितलं. संध्याकाळपर्यंत पोटरी सुजून टणक झाली. शेजारच्या वहिनींनी रिक्षा बोलावली. मी रात्रीची गाडी धरून सकाळी सावंतवाडीला उतरले.

या वेळचे डॉक्टर चिंतेत होते, कारण एका पायाची पोटरी अशी अचानक सुजली की पहिली भीती रक्ताच्या गुठळीची असते. पायातल्या खोल शिरेत गुठळी झाली आणि तिचा तुकडा सुटून फुफ्फुसात गेला तर जिवावर बेततं. त्यावर रक्त पातळ करणारी औषधं देतात. पण सूज दुसऱ्या कारणानं असेल, आत काही फुटून पाझरलं असेल, तर त्याच औषधांनी पोटरीत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून आधी नक्की काय आहे ते बघायचं. सोनोग्राफी.

आईला पालथं झोपवलं. मी तिची साडी मांडीपर्यंत वर केली, आणि आईची लवण मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. पोटऱ्या उन्हानं रापलेल्या, घोटे काळवंडलेले, टाचांना भेगा. आणि मधेच ही जागा, आतल्या पानासारखी फिकट. तीन आडव्या घड्या, त्यांना छेदून जाणारी एक निळी शीर. आयुष्यभर भातलावणी केली, विहिरीचं पाणी ओढलं, जात्यावर बसली, तरी उन्हाला ती जागा सापडली नव्हती. उजवीकडे मांडीच्या स्नायूंच्या दोन दोऱ्या ताणल्यासारख्या दिसत होत्या, डावीकडे सगळं भरून सपाट झालं होतं. डाव्या घोट्याच्या खाली जांभळट निळ्या रंगाची एक चंद्रकोर उमटली होती. सोनोग्राफीच्या डॉक्टरबाईंनी ती पाहूनच मान हलवली. आत फुटलेलं पोटरीतून खाली उतरत घोट्यापाशी येऊन साचतं तेव्हा तशी खूण उमटते, असं त्या म्हणाल्या.

थंड जेल लावून त्यांनी यंत्राचं टोक फिरवलं. आधी शिरा दाबून दाबून पाहिल्या. दाबल्यावर शीर मिटते म्हणजे आत गुठळी नाही. मग पडद्यावर एक काळा फुगा दिसला, अर्धवट रिकामा, त्याला निमुळती मान. मान दोन स्नायूंच्या फटीतून गुडघ्याच्या सांध्यात शिरलेली. बेकर सिस्ट, त्या म्हणाल्या. गुडघा झिजला की सांध्यात पाणी जास्त तयार होतं. ते वाट मिळेल तिकडून मागं सरकतं, त्या फटीतून लवणीतल्या पिशवीत जातं आणि बहुतेकदा परत येत नाही, कारण ती फट एकाच बाजूनं उघडणाऱ्या झडपेसारखी वागते. पिशवी फुगत राहते. एखाद्या दिवशी उकिडवं बसून उठताना फुटते.

विल्यम मॉरंट बेकर हे लंडनचे शल्यचिकित्सक. १८७७ मध्ये त्यांनी या सुजेविषयी लिहिलं आणि त्यांचं नाव तिला कायमचं चिकटलं. त्याआधी १८४० मध्ये डब्लिनच्या रॉबर्ट ॲडम्स यांनीही तिचं वर्णन केलं होतं, ते नाव मागं पडलं.

"बाई, कधीपासून होतं हो हे?" त्यांनी आईला विचारलं. आई पालथी, चेहरा उशीत. म्हणाली, "दिवाळीपासून लवणीत ओढ लागायची."

डॉक्टरबाईंचा हात थांबला. त्या मूळच्या आचऱ्याच्या निघाल्या. "लवण! माझी आजी म्हणायची," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा जेल घेऊन उजवा पाय पाहू लागल्या.

त्या खोलीत आणखी एक गोष्ट मला कळली. लवण ही नुसती रिकामी घडी नाही. आत चौकटच्या आकाराची जागा आहे. वरच्या दोन बाजू मांडीमागच्या स्नायूंच्या, खालच्या दोन पोटरीच्या दोन डोक्यांच्या. कातडीखाली चरबीची गादी, तिच्यात सगळ्यांत वर पायाची मुख्य नस, तिच्याखाली शीर, आणि सगळ्यांत खोल, अगदी हाडाला टेकून, धमनी. पुढून गुडघ्याला वाटीचं चिलखत आहे. मागं नाही. पाय मुडपताना दबून जाऊ नये म्हणून जे जे महत्त्वाचं ते तिथल्या मऊ चरबीत ठेवलेलं. तळाशी एक लहानसा तिरपा स्नायू आहे. सरळ उभं राहिलं की गुडघ्याला जी कडी बसते, ती चालायला लागताना तो काढतो. दिवसभरात किती वेळा काढत असेल! सुश्रुतानं शरीरात १०७ मर्मं मोजली, त्यांतलं एक 'जानु', मांडी आणि जंघा, म्हणजे पोटरी, जिथं जुळतात तिथलं. तिथं मार लागला तर माणूस लंगडा होतो, असं त्यानं म्हटलं आहे.

घरी आल्यावर, आई पाय उशीवर ठेवून पडलेली असताना, मी शब्दाच्या मागं लागले. लवण हा लवणे या क्रियापदाचा पोर. लवणे म्हणजे वाकणे, झुकणे. लवून नमस्कार आपण अजून करतो. पापणी लवते न लवते तोच असं म्हणतो. दाणा भरला की भाताची लोंबी लवते. लवचीक त्याच घरातला. डोंगराची सोंड जिथं वाकून खोलगट होते आणि पाणी धरते, त्यालाही लवण म्हणतात, आणि आमच्या आजोळची भाताची एक कुणगी अशाच लवणात होती. संस्कृतातल्या 'नम्'शी त्याचं नातं. न जाऊन ल येणं मराठीला नवं नाही. निंबाचं लिंब झालं, नवनीताचं लोणी झालं. उलटही होतं, लाङ्गलाचा नांगर झाला.

मिठाचं लवण वेगळं. ते संस्कृतातून जसंच्या तसं आलं, आणि घासून घासून घरगुतीही झालं. लोणच्यात ते आहे. अलवण होतं त्याचं अळणी झालं. दोन शब्द दोन वाटांनी येऊन एका रूपात उभे राहिले आणि आमच्या दोणीपाशी एकमेकांना भेटले. आजीनं ज्या लवणीवर पाणी सोडलं तिथं लवणच वाळून पांढरं झालेलं असायचं. माझी समजूत चुकीची होती, आणि तरी त्या तांब्याभर पाण्यात दोन्ही धुतली जात होती.

मग जे सापडलं त्यानं मला रात्रभर झोप लागली नाही. 'जानुपृष्ठीय' ऐवजी दुसरं काही आहे का, म्हणून मी आपट्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश चाळत होते. वामन शिवराम आपटे. १८५८ साली आमच्याच सावंतवाडी संस्थानात, बांद्याजवळच्या असोलोपाल गावी जन्मले. फर्ग्युसन कॉलेजचे पहिले प्राचार्य झाले, १८९० मध्ये हा कोश काढला आणि १८९२ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेले. त्या पानावर 'मन्दिर' हा शब्द आहे. घर, देऊळ, नगर हे अर्थ नपुंसकलिंगी. पण तोच शब्द पुंलिंगी घेतला तर त्याचे अर्थ दोन: समुद्र, आणि गुडघ्याची मागची बाजू.

मी ती ओळ बोटानं धरून तीनदा वाचली. समुद्र आणि लवण, एका शब्दात. पुराणांतही जंबुद्वीपाला वेढून राहतो तो लवणसमुद्रच. संस्कृतात हा अर्थ कुणी श्लोकांत खेळवलेला मला आढळला नाही. कोशांनी तेवढा तो जपला. बांद्यापासून आमचं गाव काही फार लांब नाही. त्या बाजूची मुलंही याच समुद्रात उतरत असतील आणि घरी गेल्यावर कुणीतरी त्यांनाही पाठमोरं करत असेल, असं मला राहून राहून वाटत राहिलं.

सकाळी आईला सांगितलं. मंदिर म्हणजे लवण. तिनं थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "देवळात वाकूनच जातंत मा." मग म्हणाली, आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचा घड बोललेय, पाय बरा झाला की तू येऊन देऊन जा.

शब्द कुठून आला यापेक्षा मला आता त्याचं कामाचं मोल जास्त वाटतं. अंगाच्या ज्या जागेला तोंडात नाव नाही तिथलं दुखणं सांगता येत नाही, आणि जे सांगता येत नाही ते उशिरा कळतं. मराठीत अशी नावं भरपूर आहेत: नडगी, चवडा, खुबा, पडजीभ, कानशील, ओटीपोट. म्हातारी माणसं ती सहज वापरतात. आमच्या कागदांत त्यांच्या जागी अंतर्भाग, पृष्ठभाग आणि क्षेत्र येतं. मी हे रागानं लिहीत नाही, कारण ते कागद मीच लिहिलेत. मात्र आईच्या पायानंतर मी जुनी सगळी पत्रकं काढली आणि सुधारायला बसले. पॉपलिटियल येईल तिथं आता मी 'गुडघ्याची लवण' लिहिते, आणि पहिल्यांदा येतो तिथं कंसात 'गुडघ्यामागची खोलगट जागा' असं देते. एका ठिकाणाहून कागद परत आला. शब्द लोकांना कळणार नाही, असं म्हणाले. मी फोन करून सांगितलं, कंस ठेवा पण शब्द काढू नका. ज्यांना येतो त्यांना तो वाचल्यावर बोट कुठं ठेवायचं ते कळेल, आणि ज्यांना येत नाही ते कंस वाचतील. राहिला.

आईची सूज उतरायला पाच आठवडे लागले. पाय वर ठेवणं, पट्टी, थोड्या गोळ्या, मग व्यायाम. व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची, लातूरकडची, स्कूटरवरून. पहिल्या दिवशी तिनं टॉवेलची गुंडाळी केली आणि म्हणाली, "आजी, ही गुडघ्याच्या मागे, म्हणजे खाली, म्हणजे अशी मधे ठेवायची, आणि पाच आकडे मोजेपर्यंत दाबायची. असं दहा वेळा."

"लवणीखाली?" आईनं विचारलं.

"कशाखाली?"

आईनं तिचा हात धरून आपल्या गुडघ्यामागं नेला. मुलीनं बोटांनी चाचपलं, आपल्याही गुडघ्यामागं हात लावून पाहिला. मग पिशवीतून व्यायामाचा कागद काढला, पेनाचं टोपण दातात धरलं आणि मला विचारलं, "ताई, यातला ण बाणातला ना?"